काय दिसलं ते सांगा

दुर्बीण घ्यायच्या विचारात असलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो ‘किती पट मोठं दिसतं?’ हा. आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात हा प्रश्न कानावर पडला नाही अशी रात्र मला आठवत नाही. प्रश्न अगदी रास्त आहे. दुकानातल्या खोक्यावर ‘५२५ पट’ असं ठळक छापलेलं असतं, शेजारी शनीचं रंगीत चित्र असतं, आणि त्या आकड्यापलीकडे दुर्बिणीची पारख कशी करायची हे त्या माणसाला कुणी सांगितलेलंच नसतं.

जाणकार मंडळी या प्रश्नाला काय उत्तर देतात ते मी कान देऊन ऐकत आलो आहे. काही जण म्हणतात, ‘पटीला काही अर्थ नसतो हो, व्यास बघा.’ वाक्य बरोबर आहे, पण ऐकणाऱ्याच्या पदरात काहीच पडत नाही. आपण काहीतरी अडाण्यासारखं विचारलं असं वाटून तो गप्प होतो आणि पुन्हा विचारायला येत नाही. काही जण सूत्रच सांगून टाकतात: दुर्बिणीची फोकल लेंथ भागिले आयपीसची, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगाची, फोकल लेंथ. तेही बरोबरच. पण वांगणीला आकाशदर्शनाच्या एका रात्री एका गृहस्थांनी हाच प्रश्न विचारला, तेव्हा आमच्यातल्या एका ज्येष्ठ निरीक्षकांनी, आमच्या सरांनी, उत्तर दिलंच नाही. त्यांनी उलट विचारलं, ‘तुम्हाला बघायचंय काय?’

‘शनी.’

‘मग या इकडे.’

दुर्बीण सहा इंची होती, बाराशे मिलिमीटर फोकल लेंथची. त्यांनी आधी पंचवीस मिलिमीटरचा आयपीस लावला, म्हणजे ४८ पट. शनी बारीक दिसला, पण रेखीव. त्याचं कडं ग्रहापासून सुटं कळत होतं. मग चारचा आयपीस लावला. ३०० पट. आता शनी चांगला थोरला झाला, मंद झाला, आणि वाहत्या पाण्याच्या तळाशी पडलेल्या नाण्यासारखा हलायला लागला. ‘कुठल्यात जास्त दिसलं?’ त्या गृहस्थांनी पुन्हा डोळा लावला, जरा वेळ घेतला आणि म्हणाले, ‘पहिल्यात.’ मग सरांनी सांगितलं की दुर्बिणीत आलेला प्रकाश तेवढाच असतो, तो जास्त जागेवर पसरला की फिका पडतो. आणि शनीबरोबर हवेची थरथरही मोठी होते. व्यास मिलिमीटरमध्ये मोजायचा आणि त्याची दुप्पट करायची. त्याच्या वर वस्तू नुसती मोठी होते, जास्त काही दिसत नाही. हवा चांगली नसेल तर ती मर्यादाही गाठता येत नाही. गृहस्थांच्या मनात साठ मिलिमीटरची दुर्बीण होती. त्यांनी तिथल्या तिथे हिशेब केला: १२०. खोक्यावर छापलं होतं ५२५. त्यांचा पुढचा प्रश्न होता, ‘मग व्यास किती घ्यावा?’

खगोलशास्त्र काही सरांनी सोपं केलं नव्हतं. प्रकाशाचं पसरणं, वातावरण, व्यासाची मर्यादा, काही म्हणजे काही गाळलं नव्हतं. फक्त सांगण्याचा क्रम असा लावला होता की प्रत्येक पायरीवर त्या माणसाला स्वतःच्या डोळ्याने पडताळा घेता यावा. जाणकाराने हौशी माणसाला खरोखर समजावलं का, हे मी आता एवढ्या एकाच गोष्टीवरून ठरवतो. सांगून झाल्यावर ते तपासायचं साधन ऐकणाऱ्याच्या हाती आलं का? सांगणारा चुकत असेल तर तेही त्याला कळावं, इतपत?

हे मला सगळ्यात स्वच्छ दिसलं ते काचेवर. दुर्बिणीचा आरसा घरी घासणारी माणसं जगभर आहेत, महाराष्ट्रातही आहेत. पुण्यातल्या आयुका या खगोलसंस्थेने अशा हौशी मंडळींसाठी दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा घेतल्या आहेत. काम वरवर साधं दिसतं. काचेच्या दोन सारख्या जाड चकत्या घ्यायच्या. एक खाली बसवायची, तिच्यावर कार्बोरंडमची भुकटी आणि पाणी टाकायचं, दुसरी वर ठेवून पुढे-मागे घासत राहायचं. थोडं घासलं की वरची काच जराशी फिरवायची आणि आपणही टेबलाभोवती एक पाऊल सरकायचं. वरची काच हळूहळू खोलगट होत जाते, खालची फुगीर. भुकटी ८० नंबरपासून सुरू करून १२०, २२०, ३२० अशी बारीक करत न्यायची आणि शेवटी पिचच्या, म्हणजे डांबरासारख्या चिकट पदार्थाच्या, थरावर सेरियम ऑक्साइडने पॉलिश करायचं. नवख्या माणसाला एक शंका हमखास येते, आणि ती रास्त असते: माझा हात थरथरतो, दाब कमीजास्त पडतो, मग वक्रता बिनचूक कशी येणार? याचं उत्तर फार देखणं आहे. दोन पृष्ठभाग कसेही फिरवले, कुठेही सरकवले तरी एकमेकांना सगळीकडे टेकून राहतील, असा आकार एकच: गोलाचा तुकडा. (सपाट पृष्ठभाग म्हणजे अनंत त्रिज्येचा गोलच.) जिथे उंचवटा असेल तिथेच घर्षण जास्त होणार, तोच आधी झिजणार. म्हणून हात सगळ्या दिशांनी फिरत राहिला की त्याचे दोष एकमेकांना खोडत जातात. हे एकदा ध्यानात आलं की टेबलाभोवती फिरायचं ते कशासाठी, हे वेगळं सांगावं लागत नाही.

ही विद्या सामान्य माणसांपर्यंत पोचली त्यात रसेल पोर्टर या गृहस्थांचा वाटा फार मोठा. उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमांवर जाऊन आलेला हा माणूस चित्रकार होता, वास्तुकला शिकलेला होता. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात स्प्रिंगफील्ड नावाचं यंत्रं बनवणारं गाव आहे. तिथल्या कारखान्यातल्या लोकांना त्यांनी १९२० साली आरसे घासायला शिकवलं. पुढे अल्बर्ट इंगल्स या संपादकांनी १९२५ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये या मंडळींबद्दल लिहिलं आणि वाचकांनी ‘आम्हालाही शिकवा’ म्हणून पत्रांचा मारा केला. त्यातून लेख निघाले, पुस्तक निघालं. पोर्टरांची रेखाचित्रं मी तासन्‌तास बघू शकतो. यंत्राचा नेमका कुठला भाग कापून आत डोकावायचं, हे त्यांना कळत होतं. पालोमारच्या दोनशे इंची दुर्बिणीची जी चित्रं त्यांनी दुर्बीण पुरी होण्याआधी काढली, त्यांत पोलाद जणू पारदर्शक झालेलं आहे. पण त्यांचा मोठेपणा मला आणखी एका गोष्टीत वाटतो. आरसा कसा घासायचा ते शिकवताना, घासलेला आरसा तपासायचा कसा, हे ते पहिल्यापासून शिकवत राहिले.

ती चाचणी फ्रान्सच्या लेऑन फूकोंनी १८५८-५९च्या सुमारास शोधली. खर्च जवळजवळ नाही. अंधारी खोली, आरसा उभा करायला स्टँड, त्याच्यासमोर वक्रतेच्या मध्याशी, म्हणजे बाराशे मिलिमीटर फोकल लेंथच्या आरशासाठी साधारण आठ फुटांवर, पत्र्यातल्या बारीक फटीमागे ठेवलेला दिवा आणि एक दाढीचं ब्लेड. फटीतून निघालेला प्रकाश आरशावरून परत येऊन एका बिंदूत गोळा होतो. त्या बिंदूच्या लगेच मागे डोळा ठेवला की अख्खा आरसा पौर्णिमेच्या चंद्रासारखा उजळलेला दिसतो. आता ब्लेड बाजूने हळूहळू आत सरकवायचं. आरसा खरोखर गोलीय असेल आणि ब्लेड अचूक त्या बिंदूशी असेल तर सगळा आरसा एकदम, सारखाच काळवंडतो. ब्लेड थोडं पुढे, आरशाकडे असेल तर सावली ब्लेडच्याच बाजूने येते. मागे असेल तर उलट्या बाजूने. आणि काचेत दोष असेल तर तिथे टेकाड किंवा खळगा उठून दिसतो, तिरप्या उन्हात डोंगर-दऱ्या दिसाव्यात तसा. प्रत्यक्षात तो उंचवटा एका मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतकाही नसतो.

आमच्याकडे हे शिकवणारे एक काका आहेत. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी भिंगं पॉलिश करण्यात घालवली. एका शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाई आपला आरसा घेऊन त्यांच्याकडे आल्या होत्या. खोलीत अंधार, पडदे ओढलेले, पंखा बंद. बाईंनी ब्लेडमागे डोळा लावला आणि लगेच म्हणाल्या, ‘काका, माझं काहीतरी चुकलंय.’

‘अहो, काय चुकलंय ते मागाहून बघू. आधी काय दिसतंय ते सांगा.’

‘उजव्या कडेला बारीक उजळ रेघ आहे.’

‘आणि डाव्या?’

‘डाव्या कडेला... नाही दिसत.’

‘आता स्टूल तसंच राहू दे, मी येतो.’ काका आरशाजवळ गेले, त्यांनी अंगठा काचेवर टेकवला, मिनिटभर तसाच धरला आणि काढून घेतला. ‘बघा आता.’ बाई एकदम ओरडल्याच. आरशावर अंगठा टेकला होता तिथे एक टेंगूळ उभं राहिलं होतं, स्पष्ट, सावलीसकट. अंगठ्याच्या उबेने काच तेवढी फुगली होती. मग ते टेंगूळ सावकाश बसत गेलं, काही मिनिटांनी नाहीसं झालं. त्यानंतर काकांनी प्रकाशाच्या वाटेत तळहात धरला, तर हातावरून वर जाणारी गरम हवा आरशावर धुरासारखी वळवळताना दिसली. पंखा का बंद केला, आरसा धुतल्यावर लगेच का तपासायचा नाही, दिवसभराच्या कामानंतर काच निवायला वेळ का द्यायचा, यातलं काहीच काकांना तोंडाने सांगावं लागलं नाही. बाईच म्हणाल्या, ‘म्हणजे मी नुसतं हातात धरून आणलं त्यानेसुद्धा...’

मग काका कडेच्या रेघेकडे वळले. ती रेघ दोन्ही बाजूंना दिसायला हवी. एकीकडे नसेल तर काचेची कड पडली आहे, म्हणजे अगदी काठाशी पृष्ठभाग खाली उतरला आहे. पिच मऊ असेल किंवा हात फार लांबवर जात असेल तर असं होतं. ‘दोन्हीतलं काय झालंय ते तुमचं तुम्हाला शोधता येईल. पिचवर नख दाबून बघा. हात आखूड करा. पुन्हा तपासा. कड पडलीय की नाही हे मला विचारायची आता गरज नाही.’

हे शेवटचं वाक्य म्हणायला जाणकाराचं मन मोठं लागतं. ज्याच्याकडे लोक विचारायला येतात त्याला ते येत राहावेत असं वाटणं स्वाभाविक आहे. सल्ला देताना थोडंसं राखून ठेवण्याची, उत्तर देऊन तपासणी मात्र आपल्याकडे ठेवण्याची सवय कितीतरी हुशार माणसांना नकळत लागलेली असते. काकांनी चाचणीच देऊन टाकली. त्या चाचणीने उद्या काकांच्या आरशातही दोष सापडू शकतो, याची त्यांना पुरती जाणीव होती.

काकांचंच आणखी एक उत्तर सांगतो, कारण त्यात खरं न बिघडवता कमी कसं करावं ते दिसतं. दुर्बिणीचा आरसा अन्वस्ताकार, पॅराबोला हवा, असं प्रत्येक पुस्तकात लिहिलेलं असतं. घासून मिळतो तो गोल. त्याला पॅराबोला करायची कला अवघड आहे आणि पुष्कळ नवशिके नेमके तिथे येऊन थकतात. एका मुलाने विचारलं, ‘पॅराबोला केलाच पाहिजे का?’ पुस्तकी उत्तर ‘हो’ असं आहे. नवख्याला खूश करणारं उत्तर ‘नाही रे, चालतं’ असं आहे. काकांनी त्याला आकडा काढायला लावला. सहा इंची, बाराशे मिलिमीटर फोकल लेंथचा आरसा मध्यभागी जेमतेम १.२ मिलिमीटर खोल असतो. त्याच्याशी जास्तीत जास्त जुळणारा गोल आणि हवा असलेला पॅराबोला यांच्यात काचेवर फरक पडतो सुमारे ७० नॅनोमीटरचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढा. परावर्तनात तो दुप्पट होतो, म्हणजे साधारण १४० नॅनोमीटर. हिरव्या-पिवळ्या प्रकाशाच्या तरंगलांबीचा हा पाव हिस्सा झाला. लॉर्ड रॅले यांनी घालून दिलेली मर्यादा नेमकी तेवढीच: पाव तरंगापेक्षा दोष कमी असेल तर प्रतिमा बिघडलेली सहसा कळत नाही. ‘म्हणजे तू बरोबर उंबऱ्यावर आहेस,’ काका म्हणाले. ‘गोल उत्तम आला तर पहिल्या दुर्बिणीला तो पुरे. आठ इंची करशील, तीही आखूड, तेव्हा पुरणार नाही. तेव्हा ये, पॅराबोला शिकू.’ त्या मुलाला सूट मिळाली, आणि ती कुठे संपते हेही कळलं. लोकांसाठी लिहिलेल्या विज्ञानात बऱ्याचदा सूट मिळते, तिची हद्द मात्र सांगितलेली नसते. मग वाचक मोठा होतो आणि आपल्याला खोटं सांगितलं होतं असं त्याला वाटायला लागतं. त्याचा तो राग मला पटतो.

आरशावरून आता ताऱ्यांकडे येतो. व्यावसायिक शास्त्रज्ञ आणि हौशी निरीक्षक यांची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात फळलेली देवघेव रूपविकारी ताऱ्यांच्या बाबतीत झाली, म्हणजे ज्यांचं तेज कमीजास्त होत राहतं अशा ताऱ्यांच्या. असे तारे पुष्कळ, वेधशाळा थोड्या, आणि प्रत्येक ताऱ्यावर महिनोन्‌महिने नजर ठेवायची. हार्वर्ड वेधशाळेचे संचालक एडवर्ड पिकरिंग यांनी १८८२ सालीच हौशी लोकांना या कामासाठी हाक दिली होती. १९११ मध्ये विल्यम टायलर ऑल्कॉट या कायदा शिकलेल्या हौशी गृहस्थांच्या पुढाकाराने रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांची अमेरिकन संघटना उभी राहिली. ती आजही चालू आहे.

या संघटनेचा ताऱ्यांचा नकाशा हातात घेऊन बघावा. ज्याचं तेज ठरवायचं तो तारा मधोमध असतो, आजूबाजूला ठरावीक तेजाचे तारे आणि त्यांच्याशेजारी आकडे: ५६, ६१, ७४. खरे आकडे, म्हणजे ताऱ्यांच्या प्रती, ५.६, ६.१, ७.४ असे आहेत; आकडा जितका मोठा तितका तारा मंद. दशांशचिन्ह छापलेलं नाही, कारण नकाशावरचा प्रत्येक ठिपका तारा असतो आणि लाल दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात दशांशाचा ठिपकाही निरीक्षकाला तारा वाटेल. ज्याने हे ठरवलं त्याने निरीक्षकाच्या जागी उभं राहून बघितलं असणार. दुर्बिणीत आकाश उलटं दिसतं म्हणून नकाशाही उलटा मिळतो. काटकोनी आरसा लावल्यामुळे डावं-उजवं बदलत असेल तर त्यासाठी वेगळा. अडचण शास्त्रज्ञाने स्वतःकडे घेतली आहे, कागदावर सोडवून दिली आहे. निरीक्षकाकडे उरतं ते फक्त त्याने करायचं काम: हा तारा त्या ५६पेक्षा मंद आहे आणि ६१पेक्षा तेजस्वी, तर मग किती?

सूचनाही अशाच. लाल ताऱ्याकडे टक लावून बघू नका, कारण बघत राहिलात तर तो डोळ्यात उजळत जातो. झटकन नजर टाका, बाजूला घ्या, दुसऱ्या ताऱ्यावर टाका. काल किती दिसला होता ते आधी वाचू नका. तारा दिसलाच नाही तर ‘दिसला नाही’ असं लिहा, आणि तिथला सगळ्यात मंद असा कुठला तारा दिसत होता तेही लिहा. हीसुद्धा नोंदच आहे.

२०१९च्या अखेरीस मृग नक्षत्रातला तांबडा तारा काक्षी एकाएकी मंद व्हायला लागला आणि फेब्रुवारी २०२०मध्ये त्याची प्रत १.६च्या आसपास उतरली, तेव्हा या सूचना आमच्या गच्चीवर उपयोगी पडल्या. दुर्बीण लागतच नव्हती. एरवी काक्षी रोहिणीपेक्षा उजवा असतो. त्या दिवसांत तो शेजारच्या बेलॅट्रिक्सच्या पंगतीला येऊन बसला होता. वर्तमानपत्रांत ‘तारा फुटणार’ म्हणून मथळे येत होते. आमच्यातल्या एका ताई, त्या स्वतः संशोधक आहेत, रोज संध्याकाळी पोरांना एवढंच विचारायच्या: आज कुणाच्या आणि कुणाच्या मध्ये? दोन्ही तारे काक्षीएवढ्याच उंचीवर होते का? (क्षितिजाजवळची हवा तारा मंद करते.) ‘फुटणार का?’ असं कुणी विचारलं की त्या म्हणायच्या, ‘आज-उद्या फुटेल असं मानायला कारण नाही, पण तो का मंद झाला ते आत्ता कुणालाच नक्की माहीत नाही. म्हणूनच आपण लिहून ठेवतोय.’ पुढे २०२१मध्ये संशोधकांनी दाखवलं की ताऱ्याने वायू बाहेर फेकला होता, त्याच्या पृष्ठभागाचा काही भाग थंड झाला होता आणि तिथे तयार झालेली धूळ आपल्या आणि त्याच्या मध्ये आली होती. तोवर पोरांच्या वह्यांत काही महिन्यांच्या नोंदी झाल्या होत्या. वेगवेगळ्या पोरांच्या आकड्यांत एक-दोन दशांशांचा फरक होता, पण तारा खाली उतरला आणि पुन्हा चढला हे प्रत्येकाच्या वहीत होतं.

ही रीत किती दूरवर पोचू शकते याची दोन माणसं साक्ष आहेत. ओहायोत शेतावर वाढलेला लेस्ली पेल्टियर. त्याने स्ट्रॉबेऱ्या तोडून मिळालेल्या मजुरीतून दोन इंची दुर्बीण घेतली आणि ऑल्कॉटना पत्र लिहिलं. उत्तरात नकाशे आले. १९१८ साली त्याने पहिली नोंद केली आणि १९८०मध्ये मरेपर्यंत तो नोंदी करत राहिला. आणि आपल्या उपखंडातले जेसोरचे राधागोविंद चंद्र, सरकारी खजिन्यात साधी नोकरी करणारे. तीन इंची दुर्बिणीने ते आकाश बघायचे. १९१८मध्ये गरुड तारकासमूहात नवतारा उजळला तो त्यांनी पाहिला, आणि हार्वर्डशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला. त्यांच्याकडेही तेच नकाशे आले, तसेच दशांशचिन्ह नसलेले. १९२६मध्ये संघटनेने त्यांना सहा इंची दुर्बीण समुद्रापलीकडून पाठवली, वापरायला म्हणून. बंगालच्या दमट हवेत, पावसाळ्यात महिनोन्‌महिने आकाश झाकलेलं असताना, त्यांनी सदतीस हजारांहून अधिक नोंदी केल्या. शेतकऱ्याचा मुलगा आणि खजिन्यातला कारकून यांच्या नोंदी एकाच आलेखावर शेजारी-शेजारी बसतात. हार्वर्डमधल्या कुणी त्यांना तारे का बदलतात याचा सिद्धान्त आधी शिकवला नव्हता. त्या काळी तो पुरता कुणाला ठाऊकही नव्हता. त्यांना कळवलं होतं ते कसं बघायचं, कसं लिहायचं, आणि तुमच्या आकड्यावर आमचा भरवसा का आहे हे. चंद्र थकल्यावर ती दुर्बीण नैनीतालला वेणू बाप्पूंकडे गेली आणि पुढे तामिळनाडूतल्या कावलूरच्या वेधशाळेत.

मराठी माणसाला अशा पत्रांची आठवण काढायला हार्वर्डपर्यंत जावं लागत नाही. जयंत नारळीकरांकडे मुलं सही मागायला यायची तेव्हा ते सांगायचे, मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर लिहून खाली सही करीन. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल यांच्याबरोबर विश्वरचनेवर काम केलेला, १९८८ साली आयुका उभी करणारा माणूस पोस्टकार्डाच्या चार-सहा ओळींत उत्तर बसवत होता. कार्ड लहान, तेव्हा प्रश्न नेमका करणं मुलाला भाग पडायचं. सहीच्या निमित्ताने त्याला प्रश्न विचारायची सवय लागायची. २००८च्या सुमारास त्यांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि इतरांच्या साथीने फलज्योतिषाची चाचणी घेतली, तीही याच वृत्तीने. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं यांच्या पत्रिका मिसळून ज्योतिषांना दिल्या आणि ओळखायला सांगितलं. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणं उडवलं तर पन्नास टक्के येतील, अशी तुलना त्यांनी पुढे ठेवली. ज्याला संख्याशास्त्राचा गंध नाही त्यालाही ही चाचणी समजते, हवी तर पुन्हा घेता येते. नारळीकर २०२५च्या मे महिन्यात गेले. कितीतरी घरांत ती पोस्टकार्डं जपून ठेवलेली असतील.

विचारणाऱ्याकडूनही काही अपेक्षा असतेच. ‘माझी दुर्बीण चालत नाही, काय करू?’ या प्रश्नाला जगातला कुठलाही तज्ज्ञ उत्तर देऊ शकत नाही. ‘चंद्र स्वच्छ दिसतो, तारे मात्र धूमकेतूसारखे एका बाजूला शेपटी काढतात, शेपटी सगळ्या ताऱ्यांची एकाच दिशेला असते,’ असं कुणी लिहिलं तर आरसे सरळ रेषेत नाहीत हे जाणकाराच्या लगेच लक्षात येतं. नवखा माणूस असं पहिल्याच दिवशी लिहील ही अपेक्षा मात्र चुकीची आहे. काय बघायचं हे माहीत नसतं म्हणून तर तो विचारतोय. त्याला ‘तारा फोकसमधून थोडा बाहेर काढा आणि काळा ठिपका वर्तुळाच्या मधोमध येतो का बघा’ असं सांगणं हे जाणकाराचं काम आहे, ‘प्रश्न नीट विचारा’ म्हणून दटावणं हे नव्हे. असं दटावलं गेल्यावर आकाशाकडे पाठ फिरवलेली पोरं मी बघितली आहेत. मला त्याचं अजूनही वाईट वाटतं.

सध्या आमच्या मुलांना आम्ही उत्तर मुकुटातला टी नावाचा तारा दाखवतो. स्वाती आणि शौरी यांच्यामधल्या त्या छोट्या अर्धवर्तुळाजवळ तो असतो. तांबडा राक्षसी तारा आणि त्याच्याभोवती फिरणारा पांढरा खुजा तारा अशी ही जोडी आहे. तांबड्या ताऱ्याचा वायू खुजावर साठत जातो आणि पुरेसा साठला की भडकतो. मग एरवी दहाव्या प्रतीचा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा तारा दीड हजार पट उजळून ध्रुवताऱ्याच्या बरोबरीला येतो. १८६६ आणि १९४६ साली तो असा उजळला होता. पेल्टियर या ताऱ्यावर पंचवीस वर्षं नजर ठेवून होता आणि १९४६मध्ये ज्या पहाटे तो भडकला, त्या पहाटे बरं वाटत नव्हतं म्हणून पुन्हा अंथरुणात शिरला.

पोरं विचारतात, ‘काहीच होत नाही, रोज दहावीच प्रत लिहायची का?’ त्यांना आम्ही १८६६ची हकिकत सांगतो. १२ मेच्या रात्री आयर्लंडमध्ये जॉन बर्मिंगहॅम या हौशी निरीक्षकाला तो तेजस्वी तारा दिसला. त्याच रात्री काही तास आधी अथेन्समध्ये युलियस श्मिट त्याच भागातलं आकाश बघत होते आणि असा कुठला तारा तिथे नव्हता. तारा किती झपाट्याने भडकला हे शास्त्रज्ञांना कळलं ते या दोन माणसांमुळे, आणि त्यातल्या एकाला काहीही दिसलेलं नव्हतं. हे ऐकल्यावर एका मुलीने वहीत तारीख घातली, वेळ घातली, शेजारचे तारे कुठले दिसतात ते मोजलं आणि लिहिलं: नेहमीसारखाच.